तुझ्या निवेदनातल्या तिसऱ्या कलमाबद्दल

सोलापूर
रविवार

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि निवेदनाचा मसुदा दोन्ही मिळालं. अक्कलकोट तालुक्यातली शाळा मिळाली, शिक्षणसेवक म्हणून रुजू झालीस, हे वाचून फार बरं वाटलं. वर्गात तीसपैकी वीसेक मुलांच्या घरात कन्नड बोललं जातं असं लिहिलंयस. ते लक्षात ठेव, पुढे त्याच्यावरच बोलायचं आहे.

गणित शिकवणाऱ्यासाठी विशेषज्ञतेचं वेगळं प्रमाणपत्र हवं आणि ते कुणाला, कशावर द्यायचं याचे नियम शासनाने करावेत, ही मागणी मला मनापासून पटते. माझी हरकत आहे ती तिसऱ्या कलमाला. "हे प्रमाणपत्र केवळ एम.एस्सी. (गणित) पदवीधारकांनाच मिळावे." ते कलम तू काढावंस म्हणून हे पत्र. का, ते सविस्तर सांगतो.

आधी आजची स्थिती पाहू, कारण मसुद्यात ती घाईत उरकली आहेस. शिक्षण हक्क कायद्याखाली राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २०१० साली पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी किमान अर्हता ठरवली आणि टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा आली. आपल्या राज्यात ती २०१३ पासून आहे. सहावी ते आठवीचा पेपर दोन तू दिलेला आहेस, तरी त्याचं गणित एकदा मांडून बघ. एकूण गुण १५०. बालमानसशास्त्र ३०, दोन भाषा प्रत्येकी ३०, आणि गणित-विज्ञान मिळून ६०. खुल्या प्रवर्गाला उत्तीर्ण व्हायला ६० टक्के, म्हणजे ९० गुण. पहिल्या तिन्हीत चोवीस-चोवीस पडले की झाले ७२. विज्ञानात अठरा आणले की ९०. गणितात शून्य पडलं तरी माणूस गणित-विज्ञानाचा शिक्षक व्हायला पात्र, कारण विषयवार किमान गुणांची अट नाही. असा शिक्षक प्रत्यक्षात क्वचित निघेल, पण नियम त्याला अडवत नाही. हा हिशेब जसाच्या तसा निवेदनात घाल. अधिकाऱ्यांपुढे विशेषणांपेक्षा हे चार आकडे जास्त बोलतील.

नववी-दहावीला तर टीईटीही नाही. पदवी आणि बी.एड. पुरतं. शाळेला कोणती शिक्षकपदं मंजूर हे ठरवणाऱ्या संचमान्यतेत पद 'गणित-विज्ञान' असं जोडूनच येतं. बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र घेतलेली व्यक्ती आधीच्या शाळेत पद न उरल्याने अतिरिक्त ठरून समायोजनाने आपल्या शाळेत येते आणि दुसऱ्या दिवशी तिच्या हातात भूमितीचं पुस्तक असतं. मी अशा सहकाऱ्यांबरोबर वर्षानुवर्षं काम केलंय. दोष त्यांचा नव्हता. मधल्या सुट्टीत माझ्याकडून प्रमेय समजून घेऊन पुढच्या तासाला शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांच्याइतकी मेहनत मी कधी केली नाही.

आता तिसऱ्या कलमाकडे येतो. एक जुनी गोष्ट सांगतो, आजवर तुला सांगितली नव्हती.

मी नवा एम.एस्सी. होतो. शहराच्या पूर्व भागातल्या एका शाळेत लागलो आणि पहिल्याच वर्षी पाचवीचा वर्ग मिळाला. दाजी पेठेतून, अशोक चौकाकडून येणारी, पद्मशाली घरातली मुलं. घरात तेलुगू, शाळेत मराठी. मी तोंडी गणितं घालायचो, मुलं पाटीवर उत्तर लिहायची. 'पंचवीस चोक' म्हटलं, की मागच्या बाकावरचा एक मुलगा दरवेळी २०८ लिहायचा. दरवेळी. मी महिनाभर त्याला उभा करत होतो. एकदा हातही उचलला. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

मग तो आठवडाभर आलाच नाही. म्हणून घरी गेलो. आई सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती. सोलापुरात ही मजुरी हजार विड्यांमागे मिळते, त्यामुळे मोजणीत चूक परवडत नाही. हा मुलगा शेजारी बसून पंचवीस-पंचवीसच्या जुड्या रचत होता आणि पुटपुटत होता: इरवै ऐदु, याभै, डेब्बै ऐदु, वंद. पंचवीस, पन्नास, पंच्याहत्तर, शंभर. थांबा नाही, अडखळणं नाही. पंचवीस चोक शंभर हे त्याला माझ्या वर्गात येण्याआधीपासून ठाऊक होतं.

रात्री घरी येऊन त्याची वही काढली, तेव्हा उलगडा झाला. २०८ म्हणजे ५२ गुणिले ४. गुणाकार अचूक होता. तेलुगूत आधी वीस येतो, मग पाच, इरवै ऐदु. जसं बोलायचं तसंच डावीकडून लिहायचं. मराठीत आपण 'पंच-वीस' म्हणतो, पाच आधी आणि वीस नंतर, आणि लिहिताना मात्र उलटं वळतो. तो बिचारा माझे शब्द ऐकून प्रामाणिकपणे तेच अंक त्याच क्रमाने लिहीत होता. तुझ्या कन्नड घरातल्या मुलांचंही हेच होणार बघ, इप्पत्तैदु म्हणजे वीस-पाचच. उर्दू शाळेतून आलेल्याची अडचण वेगळी असेल, कारण पच्चीस आपल्यासारखंच उलटं आहे.

या महिन्याभरात माझी एम.एस्सी. कुठे कामी आली? कुठेच नाही. मला अमूर्त बीजगणित येत होतं, पण समोरच्या पाटीवरचा २०८ वाचता येत नव्हता. पंचवीस या शब्दात काय दडलंय हे मला कुणी कधी शिकवलंच नव्हतं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस पाच' अशी जोडीची वाचनपद्धत आली, तेव्हा केवढा गदारोळ झाला, तुला आठवत असेल. भाषा बुडाली इथपर्यंत लोक बोलले. समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर शांतपणे समजावत राहिल्या, की मुलांना जोडाक्षरांच्या आणि उलट्या क्रमाच्या शब्दांचा त्रास होतो, म्हणून हा पर्याय दिला आहे. मला त्या वेळी तो पाटीवाला मुलगा आठवत होता. पंचवीस हा शब्द मलाही प्रिय आहे आणि तो टिकायलाच हवा. पण त्या शब्दाशी मूल कुठे अडखळतं हे शिक्षकाला ठाऊक नसेल, तर शब्द टिकूनही उपयोग नाही. एकोणसाठ ऐकून मूल ६९ का लिहितं? एकोणनव्वद आहे, मग नव्याण्णवला एकोणशंभर का म्हणत नाहीत? असे प्रश्न पहिली-दुसरीच्या बाईंना रोज पडतात, आणि त्या बहुधा बारावीनंतर डी.एड. झालेल्या असतात.

म्हणून सांगतो, तुझ्या तिसऱ्या कलमाने मी आत राहतो आणि त्या पहिली-दुसरीच्या बाई बाहेर. त्या पहिल्या वर्षी तरी आत असण्याचा हक्क त्यांचा होता, माझा नव्हता.

विषयाचं ज्ञान नकोच असं मी म्हणत नाही, तसा अर्थ काढू नकोस. ऋण गुणिले ऋण धन का, हे ज्याला स्वतःला कळलेलं नाही तो 'नियम आहे' म्हणून पुढे सरकतो, आणि सातवीच्या वर्गात गणित मेल्यासारखं होतं. पण पदवीत शिकवलं जाणारं गणित आणि शिकवायला लागणारं गणित यांत अंतर आहे. अमेरिकेतल्या ली शुलमन यांनी १९८६ मध्ये हीच गोष्ट मांडली: विषय जाणणं एक, शिकवण्याच्या सामान्य युक्त्या दुसरं, आणि या दोहोंच्या मध्ये तिसरं एक ज्ञान असतं, त्या विषयाचं आणि शिकवण्याचं मिळून. प्रमाणपत्र द्यायचंच तर या तिसऱ्यावर द्यायला हवं.

ते तपासायचं कसं, हा तुझा पुढचा प्रश्न असणार. पर्यायी उत्तरांच्या पेपरवर भरवसा ठेवू नकोस. २०१९-२० च्या टीईटीत पैसे घेऊन गुण वाढवल्याचं उघड झालं आणि साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. जिथे सगळं एका गुणपत्रकावर अवलंबून असतं तिथे ते गुणपत्रकच विकत घेतलं जातं. त्यापेक्षा उमेदवारापुढे मुलाची खरी वही ठेवावी. या मुलाने ०.३५ हे ०.८ पेक्षा मोठं म्हटलंय, कारण पस्तीस आठपेक्षा मोठे. सांगा, याला काय येतं, काय येत नाही, आणि आता तुम्ही त्याला पुढचा प्रश्न कोणता विचाराल? मग त्याच शिक्षकाचे वर्षभरातले चार-पाच तास दोन वेगवेगळ्या माणसांनी बसून पाहावेत. एक डाएटचा, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेचा, एक दुसऱ्या तालुक्यातला अनुभवी शिक्षक. खर्चिक आहे, वेळखाऊ आहे, मान्य. पण हाजिरीवर वाटलेलं प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र माझ्या कपाटात गठ्ठ्याने आहे, आणि त्यातल्या एकानेही मला तो २०८ वाचायला शिकवलं नाही.

आणखी एक. प्रमाणपत्र रुजू होण्याआधी नको, वर्गात काही वर्षं काढल्यावर हवं. अमेरिकेत प्राथमिक गणित विशेषज्ञांसाठीचे निकष गणित शिक्षक-प्रशिक्षकांच्या संघटनेने २०१० मध्ये काढले, त्यात निदान तीन वर्षांचा अध्यापनाचा अनुभव आधी मागितला आहे. आपल्याकडे तर शिक्षणसेवकाची तीन वर्षं तयारच आहेत. आज ती मानधनावर, नुसती कायम होण्याची वाट पाहण्यात जातात. त्याच तीन वर्षांत जाणत्या शिक्षकाच्या हाताखाली काम आणि शेवटी ही तपासणी, अशी मागणी कर. कुणाला नवीन पद निर्माण करावं लागणार नाही.

इंग्लंडचा अनुभवही निवेदनात एका ओळीत घाल. २००८ साली सर पीटर विल्यम्स यांच्या अहवालाने शिफारस केली, की दहा वर्षांत प्रत्येक प्राथमिक शाळेत एक गणित विशेषज्ञ असावा. दोन वर्षांचा अभ्यासक्रम २०१० मध्ये सुरूही झाला. पण पुढे सरकारी निधी थांबला आणि ते स्वप्न अर्धवट राहिलं. म्हणून प्रमाणपत्राबरोबर त्या शिक्षकाला काय मिळणार हे कलमात स्पष्ट हवं. माझ्या मते आठवड्याला निदान तीन तासिका मोकळ्या, आणि केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या गटातल्या, बाकीच्या शाळांमध्ये जाऊन इतर शिक्षकांबरोबर बसण्याची परवानगी. हे संचमान्यतेच्या कार्यभारात धरलं नाही, तर मुख्याध्यापक त्या तासिकांना जनगणना नाहीतर निवडणुकीची कामं लावतील. तुला अनुभव यायचाय, येईल.

नूतनीकरणाचा मुद्दा तू घेतलेलाच नाहीस. टीईटीची वैधता पूर्वी सात वर्षं होती, २०२१ मध्ये ती आजन्म केली. बेरोजगार मुलांच्या दृष्टीने ते योग्यच झालं. पण विशेषज्ञ म्हणवणाऱ्याने दर पाच वर्षांनी पुन्हा वही वाचून दाखवावी. २०२० च्या शैक्षणिक धोरणात वर्षाला ५० तास व्यावसायिक विकास सांगितला आहेच. ते तास गणितवाल्याने गणितातच घालावेत एवढं जोडून दे.

शाळेतल्या ज्येष्ठांशी मात्र जपून बोल. १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने, पहिली ते आठवीच्या ज्या जुन्या शिक्षकांची पाच वर्षांहून अधिक सेवा उरली आहे त्यांनाही दोन वर्षांत टीईटी पास होणं बंधनकारक झालं. वीस-वीस वर्षं शिकवलेली माणसं धास्तावून पुन्हा पुस्तकं उघडून बसली आहेत. अशा वेळी नुकती लागलेली मुलगी आणखी एका प्रमाणपत्राचा कागद सह्यांसाठी फिरवते, हे त्यांना टोचेल. आधी त्यांच्याकडे पावकी, निमकी, पाऊणकी शिकायला जा. जुन्या शिक्षकांना ते अपूर्णांकांचे पाढे पाठ असतात, तुझ्या पिढीला नाहीत, आणि गुणोत्तर शिकवताना ते सोन्यासारखे उपयोगी पडतात. सह्यांचं नंतर बघता येईल.

मसुदा सोबत परत पाठवतोय. तिसऱ्या कलमावर पेन्सिलीने आडवी रेघ मारली आहे आणि समासात पर्यायी मजकूर लिहिलाय: "पदवी कोणतीही असो, तीन वर्षे गणिताचे अध्यापन आणि मुलांच्या कामाच्या वाचनाची प्रत्यक्ष तपासणी." भाषा सरकारी कर, आशय बदलू नकोस.

आणि एक वेगळी वही घाल. रोज एक चुकीचं उत्तर, मुलाने लिहिलं तसंच, खाडाखोड न करता. खाली मूल घरी कोणती भाषा बोलतं ते. दिवाळीच्या सुट्टीत सोलापूरला येशील तेव्हा ती घेऊन ये, आपण दोघं बसून वाचू. इप्पत्तैदुवाली मुलं काय लिहितात ते मला बघायचंय.

तुझा,
सर