सिस्टरांना विचारा : ‘नाळे बर्री’चा अर्थ काय लावायचा?

सिस्टर, नमस्कार. मी खानापूर तालुक्यातली, वय ४४. घरी थोडं भात आहे आणि माझं शिलाईचं मशीन. उजव्या बाजूला छातीत गाठ हाताला लागली. दुखत नव्हती, म्हणून दोन महिने कोणाला बोलले नाही. मग बेळगावला सोनोग्राफी आणि मॅमोग्राफी झाली. कागदावर ‘बायरॅड्स ४ बी’ आहे, गाठीच्या शंकेची कसलीशी श्रेणी म्हणे. मुलगी पीयूसीला (अकरावी-बारावीला) आहे, तिनं मोबाईलवर काहीतरी वाचलं आणि मोबाईल पालथा घातला. सुईनं तुकडा काढला त्याला आज अकरा दिवस झाले. आठ दिवसांनी या म्हणाले होते. बसला शून्याचं तिकीट, म्हणून मी तीनदा जाऊन आले. खिडकीवरचा मुलगा दर वेळी ‘नाळे बर्री’ म्हणतो, म्हणजे कन्नडमध्ये ‘उद्या या’. काल म्हणाला, अजून एक टेस्ट लावलीय, आठवडा लागेल. आमचे हे ‘काय होत नाही, उगीच घाबरूलालीस’ म्हणून शेताकडे निघून जातात. सासूबाईंनी यल्लम्माला बोलून ठेवलंय. नणंद म्हणते, सुई टोचली की गाठ पसरते. लावणी चालू आहे, चिखलात असले की बरं असतं. पण ब्लाऊजच्या मापाला बाई समोर उभी राहिली की टेप हातातच राहतो. मला खरं सांगा, डॉक्टरांना कळलंय आणि ते सांगत नाहीत काय?
— एक वाचक

ताई, पत्राखाली नंबर होता म्हणून त्याच संध्याकाळी तुम्हाला फोन केला. तुमच्या अकराव्या दिवसाला महिन्यानं निघणाऱ्या अंकातून उत्तर देणं म्हणजे वरातीमागून घोडं. जे बोलले तेच तुमच्या परवानगीनं इथे छापायला देतेय, कारण त्या खिडकीसमोर उभ्या राहणाऱ्या तुम्ही एकट्या नाही.

खिडकीवरच्या मुलाला काहीही कळलेलं नसतं. त्याच्या कॉम्प्युटरवर रिपोर्ट ‘तयार’ दिसतो किंवा दिसत नाही, एवढंच. तुमच्या डॉक्टरांना फोटो बघून आणि हातानं तपासून शंका आलेली असते, म्हणून तर त्यांनी तुकडा काढला. पण शंकेला नाव द्यायचं काम पॅथॉलॉजिस्टचं, म्हणजे लॅबमध्ये तुकडा तपासणाऱ्या डॉक्टरांचं, आणि त्यांची सही होईपर्यंत ते नाव कोणाकडेच नसतं.

मी तेहतीस वर्षं वॉर्डात काढली, तरी तुकडा बाटलीत गेल्यावर त्याचं पुढे काय होतं हे स्वतःवर वेळ येईपर्यंत नीट बघितलं नव्हतं. त्या बाटलीत फॉर्मलिन असतं, तुकडा टिकवणारं औषध. छातीच्या तुकड्याला त्यात निदान सहा तास मुरावं लागतं, बहात्तर तासांपर्यंत चालतं. मग त्याच्यातलं पाणी काढायला मशीनमध्ये रात्रभर अल्कोहोल, मग झायलीन, मग वितळलेलं मेण. शेवटी मेणाची छोटी वडी होते, तिला ब्लॉक म्हणतात. तिचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप निघतात, म्हणजे एका मिलिमीटरात अडीचशे-तीनशे बसतील इतके पातळ. ते काचेवर घेऊन निळ्या-गुलाबी रंगात रंगवले की मग सूक्ष्मदर्शकाखाली जातात. काप नीट आला नाही तर परत काढतात. मधे रविवार येतो. ह्यातलं काही घाईनं उरकता येत नाही, आणि ह्या दिरंगाईतून चांगलं-वाईट काही कळत नाही. साध्या गाठीचा तुकडाही तेवढाच वेळ मुरतो.

आता ‘अजून एक टेस्ट’. इथे मी तुम्हाला गोड बोलणार नाही. ही बहुतेक आयएचसी असावी, म्हणजे त्याच तुकड्याच्या कापांवर खास रंग लावून करायची तपासणी. ती दोन कारणांनी लावतात. पहिल्या काचेवर कॅन्सर दिसला आणि कुठलं औषध चालेल ते ठरवायचंय, हे एक. किंवा पहिल्या काचेवरून नक्की ठरत नाही, म्हणून वेगळ्या रंगांनी बघायचंय, हे दुसरं. पहिलं कारण जास्त वेळा असतं, हे मी फोनवर सांगितलं तेव्हा तुम्ही बराच वेळ गप्प होता. पण तुमच्या बाबतीत कुठलं कारण आहे हे मला इथून कळणार नाही आणि खिडकीवरच्या मुलालाही. ते विचारायचं डॉक्टरांना. सरळ विचारायचं, ‘पहिल्या रिपोर्टात काय दिसलं?’ पुष्कळदा पहिला रिपोर्ट तयार असतो आणि सगळं एकदम सांगू म्हणून थांबलेले असतात. तुम्हाला आजच ऐकायचं असेल तर तसं सांगा. सगळं एकदम ऐकायचं असेल तर तसं सांगा. फक्त खिडकीवर जाऊन अंदाज काढत बसू नका. २०२३ पासून आपल्याकडे कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट आहे ते बरंच आहे, पण तिकीट शून्याचं म्हणून खेप शून्याची होत नाही. खानापूर ते बेळगाव आणि परत, दर फेरीला तुम्ही रिपोर्ट मनातल्या मनात चार वेळा वाचून काढता. निघण्याआधी फोन करा आणि एवढंच विचारा, ‘रिपोर्ट बंदैतेन्री?’, म्हणजे रिपोर्ट आलाय काय? नाही म्हणाले तर शेतात जा.

माझ्यावर ही पाळी २००९ मध्ये आली. मी बावन्न वर्षांची होते. ज्या लॅबमध्ये माझा तुकडा होता तिथल्या सगळ्यांशी माझी ओळख, रोजचा चहा. म्हणूनच विचारायचा धीर होईना. नवव्या दिवशी जिन्यात तिथला एक टेक्निशियन समोर आला, माझ्याकडे बघून मान खाली घातली आणि भिंतीकडे तोंड करून निघून गेला. मी वडगावला घरी आले, यजमान मागावर बसले होते, त्यांना सांगितलं की आहे म्हणून. रात्री दागिने काढून दोघी सुनांच्या नावाच्या पुड्या बांधल्या. नंतर कळलं की त्या दिवशी त्या पोराची दाढ काढली होती, गाल सुजला होता, कोणाशी बोलायचं नव्हतं त्याला. माझा ब्लॉक तोवर कापलाही नव्हता. एक बाटली दुसऱ्या बाजूच्या नावानं नोंदली गेली होती आणि ती दुरुस्त करण्यात चार दिवस गेले. त्या चुकीचा राग मला अजून आहे. आणि हो, रिपोर्ट आला तेव्हा कॅन्सरच होता. म्हणजे अंदाज खरा ठरला, पण तो दाढेवरून काढलेला होता. ऑपरेशन झालं, केमो झाली, पाच वर्षं टॅमॉक्सिफेनच्या गोळ्या घेतल्या, आणि आज हे सदर लिहितेय. ह्यावरून तुमचं काय होईल ते कळत नाही. हे सांगायचं कारण, तुम्हीही आता माणसांच्या चेहऱ्यांवरून रिपोर्ट वाचू लागला असाल.

माझ्या आयएचसीवर ‘ईआर पॉझिटिव्ह’ होतं. थोरल्या सुनेनं ‘पॉझिटिव्ह’ एवढंच वाचलं आणि रडायला लागली. खरं तर ती त्यातल्या त्यात बरी बातमी होती. गाठीला हार्मोन लागतात, म्हणून हार्मोन अडवणारी गोळी चालते. ईआर आणि पीआर ह्या हार्मोनच्या खुणा, हर-टू हे गाठीवरचं एक प्रथिन. ह्या तीन नावांपुढे काय लिहिलंय त्यावर औषध ठरतं. हर-टू पुढे ‘२+’ आलं तर अजून फिश नावाची टेस्ट लागते, म्हणजे परत थांबणं. हे आधी माहीत असलेलं बरं. मुलीला सांगून ठेवा, कागद मिळाला तर तो डॉक्टरांसमोरच वाचायचा.

तिनं मोबाईलवर जे वाचलं तेही तिच्याजवळ बसून बोला. ‘४ बी’ म्हणजे तसा फोटो असलेल्या शंभर बायकांत दहा ते पन्नास जणींना कॅन्सर निघतो. उरलेल्या पन्नास ते नव्वद जणींना नाही. हा आकडा घाबरायलाही पुरतो आणि आशेलाही, त्यामुळे त्याच्याशी रात्री एकट्यानं झटापट करू नये. मुलीपासून लपवायचं म्हणाल तर तिनं मोबाईल पालथा घातला त्याच दिवशी ते संपलं.

नणंदेला माझा निरोप द्या की तपासाच्या सुईनं कॅन्सर पसरत नाही. सुई न लावता भलतंच ऑपरेशन होण्याचा धोका मात्र मोठा. टोचलेल्या जागी काळं-निळं पडणं ठीक. ताप आला, पू आला, सूज वाढत गेली तर वाट न बघता दाखवा. गाठ चोळू नका, शेकू नका, कोणाचा पाला बांधू नका. यल्लम्माला सासूबाईंनी बोलून ठेवलंय ते राहू दे, मीही त्या वेळी कपिलेश्वराला जात होतेच. फक्त सौंदत्तीची वारी रिपोर्टाच्या तारखेच्या आड येता कामा नये. एक-दोन आठवडे थांबल्यानं उपचारात फरक पडत नाही, महिने घालवले तर पडतो. तुमचे दोन महिने आधीच गेलेत, हे मी रागावून म्हणत नाही.

यजमान ‘काय होत नाही’ म्हणतात ते तुमच्यापेक्षा जास्त घाबरलेत म्हणून. त्यांना काम द्या. रेशन कार्ड, सगळ्यांची आधार कार्डं, जुने रिपोर्ट एका पिशवीत त्यांनी घालायचे. बीपीएल कार्ड असेल तर आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटकमध्ये घराला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार बसतात, पण सरकारी दवाखान्याचं रेफरलचं पत्र लागतं. ते कुठून आणि कसं मिळतं ह्याची चौकशी त्यांनी ह्याच आठवड्यात करायची. महाराष्ट्रानं सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना जाहीर केली आहे, तुमचं गाव त्यात येतं का तेही बघा, मिरज-कोल्हापूरला जायची वेळ आली तर उपयोगी पडेल. सीमाप्रश्न सुटायचा तेव्हा सुटेल, दोन्ही सरकारांकडून जे मिळतं ते घ्यावं. आणि रिपोर्ट कसाही आला तरी काचा आणि ब्लॉक कुठे आहेत ते विचारून ठेवा. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं झालं तर तेच मागतात.

तुम्ही फोन ठेवता ठेवता विचारलंत, टेपचं काय करू? ताई, ह्या दिवसांत मापं घेऊच नका. गिऱ्हाइकाला सांगा, नीट बसणारा जुना ब्लाऊज नमुन्याला आणून दे. पाऊस आहे, लावणी आहे, कोणी काही मनावर घेणार नाही. दुपारी फॉल-पिको घेऊन बसा, त्याला मान वर करावी लागत नाही.