‘जीव लावू नको’ एवढ्याने भागत नाही

वाचकांचे प्रश्न : बालकर्करोग कक्षातील परिचारिका

प्रश्न : मी मुंबईतील एका रुग्णालयात मुलांच्या कर्करोग कक्षात नऊ वर्षे अधिपरिचारिका आहे. अडीच वर्षे आमच्याकडे उपचार घेत असलेला एक सात वर्षांचा मुलगा गेल्या महिन्यात गेला. त्याचे दुधाचे दात पडताना आम्ही पाहिले होते. दुपारी दोन वाजता त्याला खाली नेले आणि चार वाजता त्याच खाटेवर नवे मूल दाखल झाले. मी नव्या मुलाची नोंद केली, सलाईन लावले, हँडओव्हर दिला आणि घरी गेले. मला रडू आले नाही. काहीच वाटले नाही, आणि त्याचीच आता भीती वाटते. रुग्णालयाने ‘स्वतःची काळजी’ या विषयावर आमच्या सुट्टीच्या दिवशी चार तासांचे प्रशिक्षण ठेवले होते. रोज एक तास स्वतःसाठी काढा, असे तेथे सांगण्यात आले. बदलापूरहून येण्या-जाण्यातच माझे तीन तास जातात. वरिष्ठ म्हणतात, पेशंटला एवढा जीव लावायचाच नाही. मी या कामाला नालायक झाले आहे का? (एक परिचारिका)

उत्तर : नाही, ताई. ज्या दिवशी तुम्हाला काहीच वाटले नाही, त्या दिवशी वाटून घ्यायला तुमच्याजवळ जागाही नव्हती आणि वेळही नव्हता. दोन तासांनी त्याच खाटेवर ताप आलेले, घाबरलेले मूल होते आणि त्याची शीर तुम्हालाच शोधायची होती. अशा वेळी मन स्वतःला बधिर करून घेते व हातांना काम करू देते. काळजीचे कारण एवढेच की ही बधिरता ड्यूटी संपल्यावरही उतरत नाही आणि पुढच्या मुलापर्यंत पोहोचते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या करताना त्याला आजार म्हटलेले नाही. कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ राहिलेल्या आणि नीट हाताळल्या न गेलेल्या ताणातून निर्माण होणारी स्थिती, असे तिचे वर्णन आहे आणि तिच्या तीन खुणा सांगितल्या आहेत : शक्ती संपल्यासारखे वाटणे, कामापासून मनाने दूर जाणे किंवा त्याबद्दल कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. तुमच्या पत्रात दुसरी आणि तिसरी खूण दिसते. व्याख्येतील ‘कामाच्या ठिकाणी’ हे शब्द मला फार महत्त्वाचे वाटतात, कारण तुम्हाला मिळालेल्या प्रशिक्षणात नेमके तेच विसरले गेले. ताण कक्षात निर्माण होतो आणि त्याचा उपाय मात्र तुम्ही बदलापूरला, स्वयंपाक आणि मुलांचा अभ्यास आटोपल्यावर उरलेल्या वेळात शोधावा, अशी अपेक्षा ठेवली गेली. ती अन्यायाची आहे, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

‘जीव लावू नको’ हा सल्ला पिढ्यानपिढ्या दिला गेला आहे. मी स्वतः अशाच कक्षात परिचारिका म्हणून नवीन असताना मलाही तो मिळाला आणि पुढे मीही तो इतरांना दिला, याचे आज मला वाईट वाटते. मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगाचा, म्हणजे ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाचा, उपचार साधारण दोन ते तीन वर्षे चालतो. एवढ्या काळात मूल बालवाडीतून पहिली-दुसरीच्या वयाचे होते, त्याचे केस जातात आणि पुन्हा येतात, त्याची आई घरच्या गोष्टी तुम्हाला सांगू लागते. शिवाय सुई टोचणारेही तुम्हीच आणि त्यानंतर डोक्यावरून हात फिरवणारेही तुम्हीच. जीव न लावता हे काम करता येते, असे मला वाटत नाही. श्रीमंत देशांत या आजाराची ऐंशी टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात आणि आपल्याकडेही पुष्कळ मुले बरी होऊन घरी जातात, म्हणूनच जे मूल जाते त्याच्यासाठी ‘आपण कुठे कमी पडलो’ हा प्रश्न अधिक टोचतो. जीव लावण्यावर बंदी घालून हा प्रश्न सुटत नाही. लावलेला जीव सोडवून घ्यायला कक्षात कुठे तरी वाव असावा लागतो.

त्याची एक साधी रीत व्हर्जिनिया विद्यापीठाच्या रुग्णालयातील परिचारक जोनाथन बार्टेल्स यांनी सुरू केली आणि ती पुढे अनेक देशांत पोहोचली. रुग्ण गेल्यानंतर तेथे असलेल्यांपैकी कोणीही सर्वांना क्षणभर थांबायला सांगते. हा माणूस कोणाचा तरी होता आणि आपण त्याच्यासाठी प्रयत्न केले, एवढे उच्चारले जाते, आणि मग सारे अर्धा-एक मिनिट स्तब्ध उभे राहतात. त्यात कोणत्याही धर्माची प्रार्थना नसल्यामुळे आपल्या कक्षातही ती सहज करता येईल. तुमच्या त्या मुलासाठी हे राहून गेले आहे. त्याला ओळखणाऱ्या दोघी-तिघींनी चहाच्या वेळी एकत्र बसून त्याचे नाव घ्या, त्याच्या आठवणी सांगा. महिना उलटला तरी उशीर झालेला नाही. त्या वेळी रडू आले तर येऊ द्या.

रोजच्या कामात करण्याजोगी एक गोष्ट सांगते. साबण-पाण्याने हात नीट धुण्यास चाळीस ते साठ सेकंद लागतात आणि एका पाळीत हे कितीतरी वेळा करावे लागते. त्यातील प्रत्येक वेळ नाही, पण एका मुलाकडून दुसऱ्याकडे जातानाची वेळ आपली माना. पाण्याचा स्पर्श, पायांखालची जमीन आणि घेतल्यापेक्षा लांब सोडलेला श्वास, एवढ्याकडेच लक्ष द्या. श्वास घेताना ‘हा माझ्यासाठी’ आणि सोडताना ‘हा त्या बाळासाठी’ असे मनात म्हणणे अनेकींना उपयोगी पडते. यासाठी वेगळा तास लागत नाही, कारण हात तर धुवायचेच असतात.

प्रश्न : मी परिसेविका (वॉर्ड सिस्टर) आहे. आमच्या बालकर्करोग विभागातील परिचारिकांसाठी स्वतःची काळजी घेण्याचे प्रशिक्षण सुरू करावे, असे अधिसेविकांनी (मेट्रननी) सुचवले आहे. ते कसे असावे? त्याचा खरोखर उपयोग होतो का? (एक परिसेविका, विदर्भ)

उत्तर : उपयोग होतो, पण मर्यादित, ती मर्यादा आधीच सांगितली तर प्रशिक्षणावरचा विश्वास टिकतो. मन शांत करण्याची तंत्रे, स्वतःशी दयाळूपणे वागण्याचा सराव आणि विचारांची उलटतपासणी यांनी आरोग्य कर्मचाऱ्यांचा ताण काही महिने तरी कमी होतो, असे अभ्यासांत दिसते. तो परिणाम पुढे टिकायचा असेल तर सराव चालू राहावा लागतो आणि कामाची रचनाही बदलावी लागते.

चार तासांच्या एका व्याख्यानापेक्षा आठवड्याला एक तास, असे सहा आठवडे ठेवा. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी स्व-करुणेचा, म्हणजे स्वतःशी दयाळूपणे वागण्याचा, जो अभ्यासक्रम तयार केला, त्याचे माप हेच आहे. गट आठ-दहा जणींचा असावा आणि सत्र ड्यूटीच्या वेळेतच व्हावे. तेवढ्या तासासाठी कक्षात बदली माणूस द्यावे लागेल. ते मिळणार नसेल तर मी म्हणेन की प्रशिक्षण सुरूच करू नका, कारण मागे राहिलेल्या मैत्रिणीवर दुप्पट भार टाकून आलेली परिचारिका डोळे मिटून शांत बसू शकत नाही. आणखी एक गोष्ट तुम्हाला कदाचित आवडणार नाही : गटात तुम्ही स्वतः बसू नका. ज्या व्यक्तीच्या हाती सुट्ट्या आणि गोपनीय अहवाल असतात, तिच्यासमोर ‘मला आता त्या मुलांचा राग येतो’ असे कोणी बोलणार नाही, आणि हे वाक्य मोकळेपणाने बोलता येणे हाच प्रशिक्षणाचा गाभा आहे. परिसेविकांसाठी वेगळा गट करा. तुम्हालाही त्याची तितकीच गरज आहे.

सत्रांमध्ये काय असावे, हे तुमच्या परिचारिकांनाच विचारा. माझ्या अनुभवात तीन विषय हमखास पुढे येतात : गेलेल्या मुलांचे दुःख, संतापलेल्या पालकांशी बोलणे, आणि मर्यादा. मर्यादा म्हणजे कोरडेपणा नव्हे. आईला स्वतःचा मोबाईल नंबर देणे, रात्री अकरा वाजता व्हॉट्सॲपवर रक्ताचे रिपोर्ट पाहणे, औषधासाठी पदरचे पैसे घालणे या गोष्टी मायेनेच होतात, पण त्यातून ड्यूटी कधी संपतच नाही. ‘ताई, रात्री काही झाले तर कक्षातल्या फोनवरच करा, तिथे कोणी तरी नक्की जागे असते’ हे वाक्य गोड आवाजात म्हणण्याचा सराव सत्रात प्रत्यक्ष करून घ्या.

सुरुवातीला, शेवटी आणि तीन महिन्यांनी प्रश्नावली भरून घ्या. बर्नआउट मोजणारी क्रिस्टिना मॅस्लॅक यांची १९८१ ची प्रश्नावली सर्वाधिक वापरली जाते, पण तिला शुल्क लागते. करुणेचा थकवा (इतरांचे दुःख सतत झेलून येणारा) आणि कामातील समाधान दोन्ही मोजणारी तीस विधानांची ‘प्रोक्वॉल’ ही प्रश्नावली विनामूल्य मिळते. त्यावर नावे नकोत आणि ती सेवापुस्तिकेच्या आसपासही जाऊ नये.

व्यवस्थापनापुढे जाताना आकडे हाती असू द्या. परिचर्येच्या संशोधक लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की बर्नआउटची शक्यता २३ टक्क्यांनी आणि शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या महिनाभरातील मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते, असे त्यात आढळले. आंतरराष्ट्रीय बालकर्करोग संघटना ‘सिओप’ने २०१४ मध्ये कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांसाठी परिचर्येचे किमान निकष मांडले; त्यांत कक्षात पाच मुलांमागे एक आणि अतिदक्षता व अस्थिमज्जा प्रत्यारोपण विभागांत दोन मुलांमागे एक परिचारिका असावी, तसेच या कामात तयार झालेल्या परिचारिकांची अन्य विभागांत फिरवाफिरव करू नये, असे म्हटले आहे. आणि व्हिनक्रिस्टिनचे उदाहरण द्या. शिरेतून द्यायचे हे कर्करोगावरचे औषध चुकून मणक्यातील द्रवात गेले तर ते बहुतेक वेळा प्राणघातक ठरते, म्हणूनच आपण दोघींनी लेबल वाचून खात्री करण्याचा नियम पाळतो. ते दुसरे डोळे सलग चौथ्या रात्रपाळीचे असतील तर नियम कागदावरच राहतो. परिचारिकेची विश्रांती मुलाच्या सुरक्षिततेत मोडते, हे या एका औषधावरून कोणालाही पटावे.

प्रश्न : माझी पत्नी कर्करोगग्रस्त मुलांच्या कक्षात काम करते. घरी आल्यावर ती बोलत नाही, आमच्या मुलाला साधा ताप आला तरी घाबरीघुबरी होते. मी तिला नोकरी सोडायला सांगू का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : सध्या सांगू नका. ज्या कामात तिने वर्षे घातली ते सोडण्याचा सल्ला तिला ‘तू हरलीस’ असा ऐकू येऊ शकतो. घरच्या मुलाच्या तापाला ती घाबरते कारण तिच्या कक्षात अनेक कहाण्यांची सुरुवात तापापासूनच झालेली असते. तेव्हा ‘उगाच घाबरतेस’ म्हणू नका, थर्मामीटर तुम्ही हातात घ्या आणि डॉक्टरांना फोनही तुम्हीच करा. घरी आल्यावरचा अर्धा तास तिला कोणी काही विचारू नये, असे घरात ठरवा. नंतर विचारायचेच असेल तर ‘आज काय झाले?’ याऐवजी ‘आज कोण घरी गेले?’ असे विचारा. बरे होऊन गेलेल्या मुलांबद्दल तिला क्वचितच कोणी विचारत असेल.

मात्र दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप लागत नसेल, जेवण सुटले असेल, कशातच रस वाटत नसेल किंवा जगण्यात अर्थ नाही असे ती बोलत असेल, तर याला केवळ थकवा समजू नका आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन जा. मरणाचे विचार बोलून दाखवले तर दोन आठवडेही थांबू नका. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, तो दिवसरात्र चालू असतो आणि त्यावर मराठीत बोलता येते. तिला शक्य नसेल तर पहिला फोन तुम्ही करू शकता.