'ओर्ब' आंधळा कसा झाला?

प्रश्न असा: लिव्यू रेब्रेआनूच्या 'इयोन' (१९२०) या रोमानियन कादंबरीतल्या सविस्ताला मुळात 'ओलोआगा' म्हटलंय. मराठीत तिला 'दिव्यांग' म्हणावं का? आणि रोमानियनमधल्या 'ओर्ब' व 'क्योर' या दोन्ही शब्दांना 'आंधळा' चालेल का?

दोन्ही नाही. 'दिव्यांग' २०१५ नंतर सरकारी कागदांतून रुळला. शंभर वर्षांपूर्वीच्या ट्रान्सिल्व्हेनियातल्या खेड्याच्या तोंडी तो घातला की गाव तिच्याकडे कसं बघत होतं तेच पुसलं जातं. हे हल्ली सर्रास चाललंय आणि ते चूक आहे. रेब्रेआनू काही झाकत नाही. सविस्ताचे पाय जन्मापासून वाकडे वळलेले. हात लांब, हाडकुळे, आकड्यांसारखे, आणि त्यांच्या जोरावर ती अंग ओढत नेते. अशा बाईला मराठीत पांगळी म्हणतात. लंगडीसुद्धा नव्हे. लंगडा पाय टेकत चालतो, आणि त्याच्यासाठी रोमानियनमध्ये 'श्क्योप' हा वेगळा शब्द आहे.

'क्योर' म्हणजे काणा. शब्द तुर्की, तिकडे त्याचा अर्थ आंधळाच, पण रोमानियनमध्ये ती जागा 'ओर्ब'ने आधीच धरलेली होती, म्हणून हा एका डोळ्यापुरता उरला. 'आंधळ्यांच्या देशात क्योर बादशहा' ही म्हण दोघांना आंधळं करून भाषांतरित करून पाहा, काही हाती लागत नाही.

आता 'ओर्ब'. लॅटिनमध्ये आंधळ्याला 'काएकुस' म्हणत. रोमानियनने तो टाकला आणि 'ओर्बुस' घेतला. ओर्बुस म्हणजे पोरका, हिरावलं गेलेला: आईबाप गेलेलं मूल, किंवा मूल गेलेले आईबापसुद्धा. प्रकाशाला पोरका झाला तो आंधळा. पुढे 'प्रकाश' गळून पडला, पोरकेपण तेवढं राहिलं. डोळा गोल म्हणून हा शब्द 'ओर्बिस'वरून, वर्तुळावरून आला, असं सांगणारे नुसत्या आवाजाला भुलतात.

याच मुळाचा ग्रीक 'ओर्फानोस', म्हणजे पोरका, आणि याच मुळाचं आपलं अर्भक! ऋग्वेदात 'नमो महद्भ्यो नमो अर्भकेभ्यो' (१.२७.१३) असं येतं, तिथे अर्थ 'लहान' एवढाच. 'लहान' आणि 'पोरका' जुळत नाहीत म्हणून काही व्युत्पत्तिकार 'अर्भ' या घरातून बाहेर काढतात. हा आक्षेप मला मुळीच मान्य नाही. दुबळा, दुसऱ्याच्या आधाराने जगणारा, हा मधला दुवा धरा: मूल त्यात बसतं, पोरकं बसतं, आंधळा बसतो. स्लाव्ह भाषांतला 'रोब', म्हणजे गुलाम, तोही बसतो. तो रोमानियनमध्ये उसना आला, आणि वालाकियात, म्हणजे आजच्या रोमानियाच्या दक्षिण भागात, १८५६ पर्यंत कायद्याने गुलाम असलेल्या रोमा लोकांना हाच शब्द होता. म्हणजे 'ओर्ब', 'रोब' आणि 'ओर्फान' ही एका मुळाची तीन भावंडं एकाच भाषेत नांदताहेत.

या शब्दांची नाती रोमानियन कथाकार इयोन क्रेआंगाने १८७७च्या 'हराप-आल्ब' या परीकथेत अक्षरशः मांडलीत. तिथला ओकिला कपाळावर चाळणीएवढा एकच डोळा घेऊन येतो. तो उघडला की त्याला काहीच दिसत नाही. मिटला की पृथ्वीच्या पोटातलंही दिसतं. त्याची ओळख अशी: ओर्बिलाचा भाऊ, क्योरिलाचा पहिला चुलत-मावस भाऊ, पिंडिलाच्या, म्हणजे टेहळणाऱ्याच्या, बहिणीचा मुलगा. आंधळा सख्खा, काणा एक घर पलीकडचा. अनुवादकाने ठरवायचं ते एवढंच, की काणा चुलत, मावस, आते की मामे. रोमानियन ते सांगत नाही आणि मराठीला सांगावंच लागतं.