वाचकांचे प्रश्न : खेळपट्टीचे किती आणि गोलंदाजाचे किती?

प्रश्न : वानखेडेवर लाल माती, पुण्यात काळी माती असे सामन्याआधी सांगितले जाते. मातीने गोलंदाजीत नेमका काय फरक पडतो? आणि खेळपट्टी एवढी महत्त्वाची असेल, तर बळींचे श्रेय गोलंदाजाला का द्यायचे? – एक वाचक, सांगली

उत्तर : काळ्या मातीतील चिकणमाती ओलाव्याने फुगते आणि वाळताना आकसते. तिच्यावर तडे रुंद पडले, तरी मधली ढेपळे एकमेकांना बराच काळ धरून राहतात. त्यामुळे चेंडू टप्पा पडल्यावर थांबून येतो आणि फारसा उसळत नाही. अशा खेळपट्टीवर पायचीत आणि त्रिफळाचीत होण्याचा धोका वाढतो. लाल मातीला उसळी अधिक असते; पण ती कोरडी पडली, की वरचा थर लवकर सुटतो, आणि मग फिरकी चेंडू वेगाने वळून बॅटच्या कडेला किंवा ग्लोव्हजला लागतो. हिरवळ आणि ओलावा राखला असेल, तर पहिल्या सत्रात शिवणीवर पडणारा चेंडू वेगवान गोलंदाजाला साथ देतो. म्हणजे केवळ मातीचा रंग पाहून अंदाज बांधता येत नाही. क्युरेटरने (खेळपट्टी तयार करणाऱ्याने) पाणी कधी तोडले, रोलर किती फिरवला आणि गवत किती ठेवले, हेही पाहावे लागते. सामना सुरू झाल्यावर मात्र खेळपट्टीला पाणी देता येत नाही.

आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. डिसेंबर 2021 मध्ये वानखेडेवर, म्हणजे स्वतःच्या जन्मगावी, न्यूझीलंडच्या एजाज पटेलने भारताच्या पहिल्या डावातील दहाही बळी 119 धावांत घेतले. त्याच डावात मयंक अगरवालने 150 धावा केल्या आणि भारताने 325 पर्यंत मजल मारली. खेळपट्टीच बळी देत असती, तर दुसऱ्या टोकाकडून टाकणाऱ्या न्यूझीलंडच्या इतर गोलंदाजांपैकी एकाच्या तरी वाट्याला एखादा बळी आला असता.

ऑक्टोबर 2024 मधील पुण्याची कसोटी याहून बोलकी आहे. पुण्याजवळच्या गहुंजे मैदानाच्या काळ्या मातीवर वॉशिंग्टन सुंदरने न्यूझीलंडच्या पहिल्या डावात 59 धावांत 7 बळी घेतले, उरलेले तीन अश्विनला मिळाले आणि जडेजाची पाटी कोरी राहिली. त्यानंतर त्याच पट्टीवर न्यूझीलंडच्या मिचेल सँटनरने, जो जडेजासारखाच डावखुरा फिरकीपटू आहे आणि ज्याला तोवर कसोटीच्या एकाही डावात पाच बळी मिळाले नव्हते, 53 धावांत 7 बळी टिपले व सामन्यात एकूण 13 घेतले. सँटनर वेगात सतत बदल करत होता, त्यामुळे पुढे यावे की मागे राहावे, याचा निर्णय फलंदाजांना वेळेत घेता येईना. (विराट कोहली तर त्याच्या फुलटॉसवर त्रिफळाचीत झाला, त्या चेंडूचा खेळपट्टीशी संबंधच आला नाही.)

याच मैदानावर फेब्रुवारी 2017 मध्ये ऑस्ट्रेलियाचा डावखुरा फिरकीपटू स्टीव्ह ओकीफने दोन्ही डावांत प्रत्येकी 35 धावांत 6 बळी घेतले आणि भारत 105 व 107 धावांत गारद झाला. आयसीसीने त्या खेळपट्टीला निकृष्ट ठरवले आणि वर्तमानपत्रांनी तिला आखाडा म्हटले, ते योग्यच होते. परंतु अश्विन आणि जडेजाचे चेंडू इतके वळत होते, की ते पुष्कळदा बॅटची कड चुकवून जात. ओकीफचा कमी वळणारा, यष्टींच्या रोखाने येणारा चेंडू अधिक घातक ठरला. शिवाय फिरकीसाठी कुप्रसिद्ध झालेल्या त्या पट्टीवर ऑस्ट्रेलियाच्या पहिल्या डावात भारताचा सर्वांत यशस्वी गोलंदाज विदर्भाचा वेगवान उमेश यादव होता : 32 धावांत 4 बळी. कोरड्या, खरखरीत पृष्ठभागाने चेंडूची एक बाजू लवकर खरबरीत होते, आणि रिव्हर्स स्विंग (जुना चेंडू हवेत नेहमीच्या उलट दिशेने वळवणे) येणाऱ्याला त्याचा लाभ उठवता येतो. म्हणून यापुढे धावफलक पाहताना एकाच डावातील त्याच प्रकारच्या दोन गोलंदाजांचे आकडे शेजारी ठेवून पाहावेत. खेळपट्टी दोघांनाही सारखीच मिळालेली असते.