एकाच माणसाला दोन डॉक्टरांनी दोन वेगळे व्यक्तिमत्त्व विकार सांगितले, तर बरोबर कोण?

आपल्या धाकट्या भावाला एका डॉक्टरांनी स्किझॉइड आणि दुसऱ्यांनी अव्हॉइडंट व्यक्तिमत्त्व विकार (विचार करण्याची आणि वागण्याची, वर्षानुवर्षे टिकून त्रास देणारी घडण) असल्याचे सांगितले, तेव्हा चुकले कोण, असा आपला प्रश्न आहे. मी सांगलीत मानसोपचारतज्ज्ञ आहे. भावाला न तपासता त्याच्याविषयी मत देणार नाही, पण हा गोंधळ का होतो ते सांगतो.

दोन्ही विकारांत माणूस एकटा राहतो, कार्यक्रम टाळतो, मोजके बोलतो. म्हणून आम्ही वागण्यापेक्षा त्यामागची इच्छा तपासतो. तपशील बदलून एक उदाहरण देतो. हळदीच्या पेढीवर हिशेब लिहिणारा एक तरुण चुलतभावाच्या लग्नाला गेला नाही, आणि ‘त्याला माणसांची आवडच नाही’ असे घरच्यांनी मला सांगितले. त्या दिवशी काय केलेत, असे विचारल्यावर बऱ्याच वेळाने तो म्हणाला की, शर्ट इस्त्री करून घातला, मंगल कार्यालयाच्या फाटकापर्यंत गेलो, पण आतले सगळे आपल्याला हसतील असे वाटून परत फिरलो. स्किझॉइड व्यक्तीला आत जाण्याची ओढच सहसा नसते. याला ती होती, आणि अपमानाची भीती तिच्याहून मोठी होती; ही अव्हॉइडंट विकाराची खूण. ही गोष्ट पहिल्याच भेटीत क्वचित कळते. त्यातच नैराश्य असेल तर कोणीही माणसांपासून दूर जातो, त्यामुळे ते ओसरेपर्यंत मी व्यक्तिमत्त्वाविषयी निदान लिहीत नाही.

दोष काही अंशी वर्गीकरणाचाही आहे. अमेरिकेच्या २०१३ च्या डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या निदान-पुस्तिकेत १० व्यक्तिमत्त्व विकार तीन गटांत मांडले आहेत, आणि एकाच व्यक्तीत त्यांतले दोन-तीन सापडणे नेहमीचे आहे. त्यांपैकी बॉर्डरलाइनसाठी, म्हणजे भावना आणि नाती सतत अस्थिर असण्याच्या विकारासाठी, ९ पैकी ५ लक्षणे पुरतात. म्हणजे एकच निदान झालेल्या दोघांत केवळ एक लक्षण समान असू शकते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या, १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या रोगांच्या वर्गीकरणात ही वेगवेगळी नावे काढून आधी विकार सौम्य, मध्यम की तीव्र ते ठरवतात आणि मग अलिप्तता, नकारात्मक भावना यांसारखे ठळक गुणविशेष नोंदवतात. बॉर्डरलाइनची नोंद मात्र जोडीला करता येते. मला ही पद्धत अधिक प्रामाणिक वाटते.

दोन्ही केस पेपर घेऊन एकाच डॉक्टरांकडे जा, शाळेपासून भावाला ओळखणारे कोणी सोबत न्या, आणि त्याला माणसे नकोशी वाटतात की हवी असूनही जवळ जाता येत नाही, हे आपण उत्तर न देता त्यालाच सांगू द्या.