जुन्या छोट्या एसयूव्ही: वाचकांच्या शंका

प्रश्न: पहिली छोटी क्रॉसओव्हर (कारच्या सांगाड्यावर बांधलेली एसयूव्ही) कोणती? मित्र म्हणतो, सुझुकी व्हिटारा.

उत्तर: हा मान सहसा 1994च्या टोयोटा रॅव्ह4ला देतात. 1988च्या व्हिटाराला बॉडीखाली वेगळी चासी (लोखंडी सांगाडा) होती, म्हणजे ती आकाराने लहान जीपच.

प्रश्न: पहिल्या पिढीच्या होंडा सीआर-व्हीत लो रेंज (चढण-चिखलासाठीचे जादा हळू गिअर) आहे का?

उत्तर: नाही.

प्रश्न: माझी हीच सीआर-व्ही पूर्ण स्टिअरिंग वळवलं की मागून गुरगुरते. गॅरेजवाला म्हणतो, डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) बदला.

उत्तर: आधी तेल बदला. मागच्या डिफरन्शियलमध्ये दोन पंप आणि क्लच प्लेटा असतात. तेल जुनं झालं की प्लेटा धक्के देत पकडतात. होंडाचं ड्युअल पंप तेलच हवं, साधं गिअर ऑइल चालत नाही. साधारण 1 लिटर लागतं. आधी वरचा भरायचा प्लग सैल होतो का ते बघा, मगच खालचा काढा. नाहीतर तेल सांडून बसाल आणि नवीन घालता येणार नाही. एवढं करूनही आवाज राहिला, तर जाणकाराकडून उघडून घ्या.

प्रश्न: पहिल्या पिढीच्या लँड रोव्हर फ्रीलँडरचे पुढचे दोनच टायर झिजलेत. दुकानदार म्हणतो, दोनच बदला, काही होत नाही.

उत्तर: त्याचं काही होत नाही, तुमचं होतं! नव्या टायरला 8 मिमी नक्षी आणि जुन्याला 3 मिमी, म्हणजे व्यासात 10 मिमी फरक. दर किलोमीटरला पुढची आणि मागची चाकं सुमारे 7 फेऱ्यांनी चुकतात. हा फरक प्रोपेलर शाफ्टमधल्या (मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्यातल्या) व्हिस्कस कपलिंगला, म्हणजे दाट सिलिकॉन भरलेल्या जोडणीला, गिळावा लागतो. आतलं सिलिकॉन तापत राहतं, घट्ट होतं आणि एक दिवस कपलिंग जाम होतं. मग सगळा ताण पुढच्या ट्रान्सफर युनिटवर (मागे ताकद पाठवणाऱ्या गिअरच्या डब्यावर) येतो आणि त्याचे दाते उडतात. चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच मापाचे घ्या. दोनच घेणार असाल तर नवे मागे टाका आणि जुने पुढे, तेही फार झिजलेले नसतील तरच. हवेचा दाबही कंपनीने सांगितलेलाच ठेवा. काही दलाल जाम कपलिंग लपवायला शाफ्टच काढून टाकतात आणि गाडी ‘फोर बाय फोर’ म्हणून विकतात. पैसे देण्याआधी खाली वाकून बघा, आणि कपलिंगची चाचणी या गाडीची माहिती असलेल्या मेकॅनिककडून करून घ्या.

प्रश्न: सीआर-व्हीचा टायमिंग बेल्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर हलवणारा पट्टा) कधी बदलला ते माहीत नाही. आवाज येईपर्यंत थांबू का?

उत्तर: तुटण्याआधी तो आवाज करेलच असं नाही. या इंजिनात बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) आणि वॉटर पंपासह लगेच बदलून घ्या; तोवर गाडी लांबच्या प्रवासाला नेऊ नका.