ठाण्याची पायरी: वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपण पोलीस ठाण्यालाही लावून टाकली आहे. या महिन्यात आलेल्या पत्रांमध्ये चोराच्या भीतीइतकीच ठाण्याची भीती दिसली. त्यातली पाच पत्रं इथे घेतली आहेत.

लोकलमध्ये चढताना खिशातला मोबाइल गेला. ठाण्यात ‘गहाळ’ म्हणून लिहून घेतलं आणि शिक्का मारून कागद दिला. नवं सिमकार्ड मिळालं, पण तपासाचं विचारलं की कोणी नीट उत्तर देत नाही. माझं काय चुकलं?
– एक नोकरदार वाचक

तुमच्या हातात आहे तो गहाळ वस्तूचा दाखला. त्याचा अर्थ एवढाच, की वस्तू तुमच्याच हातून कुठेतरी पडली. गुन्हा घडल्याचं त्यात कुठेच म्हटलेलं नाही, मग तपास होणार कशाचा? सिमकार्डापुरता तो कागद चालतो. विम्याचा दावा करायचा झाला, तर बहुतेक वेळा एफआयआरच मागतात.

ठाण्यातून मिळणारे कागद तीन प्रकारचे. गहाळ दाखला, अदखलपात्र नोंद म्हणजे एनसी, आणि एफआयआर. एनसीत दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. एफआयआर झाला की तपास करावाच लागतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यांत एक बारकावा आहे आणि तिथेच पुष्कळांची फसगत होते. ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीच्या मालाची साधी चोरी आता अदखलपात्र धरली जाते. ‘जुनाच होता, चारेक हजारांचा असेल’ असं आपण सहज बोलून जातो आणि प्रकरण एनसीत जातं. किंमत फुगवून सांगू नका, पण बिल पाहिल्याशिवाय कमीही सांगू नका. मोबाइल हातातून हिसकावून नेला असेल, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३०४ लागतं. तो गुन्हा दखलपात्र आहे आणि त्याला किमतीची अट नाही.

तक्रार तोंडी सांगत बसण्यापेक्षा दोन प्रतींत लिहून न्या. तारीख, वेळ, स्टेशन, फलाट, मोबाइल कोणत्या खिशात होता, गेल्याचं केव्हा लक्षात आलं, कंपनी, रंग, किंमत आणि दोन्ही आयएमईआय क्रमांक (मोबाइलचे ओळख क्रमांक, ते खोक्यावर आणि बिलावर असतात) लिहा. ‘हरवला’, ‘सापडत नाही’, ‘पडला असावा’ हे शब्द टाळा, कारण याच शब्दांनी चोरीचा गहाळ होतो. ‘माझ्या संमतीशिवाय खिशातून काढून नेला’ असं स्पष्ट लिहा. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घ्या. लिहून घेतलेली फिर्याद वाचून दाखवणं बंधनकारक आहे, तेव्हा वाचल्याशिवाय सही करू नका. एफआयआरची प्रत विनाशुल्क मिळते.

रेल्वेच्या हद्दीतली चोरी लोहमार्ग पोलीस नोंदवतात. आरपीएफ म्हणजे रेल्वे सुरक्षा दल वेगळं आणि लोहमार्ग पोलीस वेगळे. त्यांच्या चौक्या एकाच फलाटावर असतात, त्यामुळे लोक चुकीच्या दारात तासभर उभे राहतात. ‘ही आमची हद्द नाही’ हे उत्तर मात्र आता कोणत्याच ठाण्याला देता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे कोणत्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो, पुढे तो योग्य ठाण्याकडे वर्ग होतो.

‘आधी चौकशी करू’ असं म्हणाले, तर तारीख विचारा. ३ ते ७ वर्षांच्या दरम्यान शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीने प्राथमिक चौकशी करता येते, पण ती १४ दिवसांत संपवावी लागते. दखलपात्र गुन्हा असूनही नोंद नाकारली, तर तीच तक्रार पोलीस अधीक्षकांना (आयुक्तालय असेल तिथे पोलीस उपायुक्तांना) टपालाने पाठवा आणि पावती जपा. त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. त्याला प्रतिज्ञापत्र जोडावं लागतं आणि आधी वरिष्ठांकडे तक्रार केल्याचा पुरावाही लागतो. ती टपालाची पावती नसल्यामुळे अर्ज अडतात.

तुमच्या बाबतीत अजून वेळ गेलेली नाही. गहाळ दाखल्याचा क्रमांक आणि तारीख देऊन नवा अर्ज करा. सीईआयआर या हरवलेले-चोरलेले मोबाइल बंद करण्याच्या सरकारी पोर्टलवर मोबाइल बंद करून घ्या. त्यासाठी ठाण्याच्या कागदाची प्रत आणि त्याच नंबरचं नवं सिम लागतं. नव्या सिमवर एसएमएस सुरू व्हायला २४ तासांपर्यंत वेळ लागू शकतो. त्याआधी ओटीपी येत नाही आणि लोक कंटाळून सोडून देतात. गुन्हा नोंदल्यावर ९० दिवसांच्या आत तपासाची प्रगती फिर्यादीला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, ती हक्काने मागा.

ठाण्यांना गहाळ दाखला सोयीचा वाटतो, कारण नोंदलेला आणि न उलगडलेला गुन्हा त्यांच्या खात्यावर दिसत राहतो. आपल्यालाही सिम लवकर हवं असतं, म्हणून आपण मान डोलावतो. पण ज्या फलाटावर रोज खिसे कापले जातात तिथे कागदावर चोऱ्याच नसतील, तर गस्त वाढवायची कशाच्या आधारावर?

सकाळी फिरायला गेलेल्या आमच्या आईला मोटारसायकलवरच्या दोघांनी अडवलं. ‘आम्ही पोलीस आहोत, पुढे खून झालाय, दागिने काढून पुडीत ठेवा’ म्हणाले. पुडीत दगड निघाले. आई म्हणते, पोलीस म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं? आता घरात फोनवरच्या ‘डिजिटल अटके’चीही धास्ती आहे.
– सातारा

तुमच्या आईंनी विचारलेला प्रश्नच या दोन्ही फसवणुकींच्या मुळाशी आहे. खाकीपुढे मान खाली घालायची आपल्याला सवय लावली गेली आहे आणि भामटे नेमकी तीच वापरतात. पोलीस खरोखर कसं वागतात हे घरातल्या मोठ्यांना ठाऊक असलं, की खोटं लगेच उघडं पडतं.

रस्त्यात दागिने काढून ठेवायला कोणताही पोलीस सांगत नाही. स्त्रीची झडती स्त्री पोलिसानेच घ्यायची असते. वस्तू ताब्यात घ्यायची तर पंचांसमोर पंचनामा होतो. कागदाची पुडी, रुमाल असलं काही त्यात नसतं. अशांनी अडवलं तर हात गळ्याकडे नेऊ नका. ‘ठाण्यात चला, तिथे काढते’ म्हणा आणि जवळच्या दुकानाकडे किंवा माणसांकडे चालू लागा. तिथून ११२ फिरवा. या टोळीत बऱ्याचदा तिसरा माणूस वाटसरू बनून आधी स्वतःची साखळी काढून देतो, म्हणजे समोरच्याला खरं वाटतं. हे आईंना मुद्दाम सांगा, कारण भरवसा तिथेच बसतो.

पोलीस असल्याचं भासवून व्हिडिओ कॉलवर ‘तुम्हाला अटक झाली आहे’ म्हणत पैसे उकळायचे, ही ‘डिजिटल अटक’. अशी गोष्ट कायद्यात नाही. व्हिडिओ कॉलवर अटक होत नाही, जामीन होत नाही आणि पैसे ‘तपासून परत’ दिले जात नाहीत. चौकशीला हजर राहण्याची नोटीस लेखी असते. ती व्हॉट्सअ‍ॅपवर बजावू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे. खऱ्या अटकेत अटकेचा पंचनामा होतो, त्यावर साक्षीदाराची सही असते आणि नातेवाइकांना कळवावं लागतं. ‘घरात कोणाला सांगू नका’ हे वाक्य कानावर पडलं, की तिथेच फोन ठेवून द्या.

पैसे गेलेच असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन करा, बँक आणि ठाणं त्यानंतर. रक्कम काही मिनिटांत एका खात्यातून पुढच्या खात्यांत फिरवली जाते आणि वाटेत ती गोठवायची असते. फोन करताना खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक (यूपीआय असेल तर १२ आकडी) समोर ठेवा. हे शोधण्यातच वेळ गेला, तर पैसे निसटतात. तक्रारीचा पोच क्रमांक लिहून ठेवा, ठाण्यात तो लागतो.

दिवाळीत आठ दिवस गावी जातो. फ्लॅटला कुलूप आणि बाहेर कॅमेरा आहे. एवढं पुरेसं आहे का?
– डोंबिवली

‘कडी-कोयंडा उचकटून’ हे शब्द घरफोडीच्या बहुतेक बातम्यांत असतात, कारण कुलूप कितीही भारी असलं तरी कोयंडा अर्ध्या इंचाच्या स्क्रूवर बसवलेला असतो. कटावणीला जोर लावला, की तो लाकडासकट निघतो. सुताराकडून कोयंडा आरपार नट-बोल्टने बसवून घ्या, बोल्टचं गोल डोकं बाहेर आणि नट आतून. लटकतं कुलूप ‘घरात कोणी नाही’ हे दुरूनच सांगतं, म्हणून दारातच बसणारं लॅचचं कुलूप बरं. दूध आणि पेपर बंद करा. शेजाऱ्यांना दारातली पत्रकं उचलायला सांगा. दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा आणि त्यांची बिलं व फोटो घराबाहेर कुठेतरी.

कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग डीव्हीआरमध्ये असतं आणि तो टीव्हीखाली ठेवला असेल, तर चोर तोही नेतात. माळ्यावर किंवा बंद कपाटात ठेवा, जमल्यास मोबाइलवर प्रत जाईल असं करा. त्याचं घड्याळ तपासा. वीज गेल्यावर ते मागे पडतं, आणि चित्रणातली वेळ फिर्यादीशी जुळली नाही तर पुरावा लुळा पडतो. चार कॅमेऱ्यांना छोटी डिस्क असेल, तर दहा-पंधरा दिवसांत जुनं चित्रण पुसलं जातं. म्हणून चोरी कळताच रेकॉर्डिंग थांबवून डीव्हीआर तसाच ठेवा. न्यायालयात चित्रणासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, तपास अधिकाऱ्यांना त्याची आठवण करून द्या. आणि परत आल्यावर दार फोडलेलं दिसलं, तर आत शिरून आवराआवर करू नका. ठशांचे तज्ज्ञ येईपर्यंत कपाटाच्या मुठीलाही हात लावायचा नाही.

रस्त्यावर जखमी माणूस दिसला तर मदत करावीशी वाटते, पण पोलिसांचं लचांड मागे लागेल म्हणून पाय अडखळतो.
– नाशिक

मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ ने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आहे. रुग्णालयात पोचवल्यावर तुम्ही निघून जाऊ शकता. नाव, पत्ता, फोन देण्याची सक्ती नाही, रुग्णालयही पैशांसाठी तुम्हाला अडवू शकत नाही. स्वतःहून साक्षीदार व्हायचं ठरवलंत, तर तुमच्या सोयीच्या जागी आणि वेळी एकाच बैठकीत जबाब घ्यायचा असतो. आधी १०८ ला फोन करा, आणि मानेला किंवा पाठीला मार दिसत असेल तर उगाच उचलू नका.

शेजारच्या भांडणात साक्षीदार म्हणून माझ्या बहिणीला रात्री आठला ठाण्यात बोलावलं आहे. जावं का?
– परभणी

जायची गरज नाही. साक्षीदार स्त्री असेल, पुरुष १५ वर्षांखालचा किंवा ६० वर्षांवरचा असेल, किंवा व्यक्ती दिव्यांग वा गंभीर आजारी असेल, तर तिचा जबाब ती राहते तिथेच घ्यावा लागतो (नागरिक सुरक्षा संहिता, कलम १७९). फोनवर शांतपणे सांगा, ‘बहीण जबाब द्यायला तयार आहे, उद्या दिवसा घरी या.’ बोलणाऱ्याचं नाव, हुद्दा आणि ठाण्याचं नाव लिहून घ्या. पोलिसांनी लिहिलेल्या साक्षीदाराच्या जबाबावर सही घ्यायची नसते. बहिणीकडे कोणी सही मागितली, तर तिने नम्रपणे नाही म्हणावं.